दहा हजार टन वारा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात ‘महामाया’ नावाची झोतभट्टी आहे. कागदोपत्री तिला ‘ब्लास्ट फर्नेस क्रमांक ८’ म्हणतात. २०१८च्या फेब्रुवारीत ती पेटली. तिच्या पोटात ४,०६० घनमीटर जागा आहे, म्हणजे दहा हजार लिटरचे चारशे टँकर ओतले तरी थोडी जागा उरेल. ठरलेल्या क्षमतेप्रमाणे ती रोज ८,०३० टन वितळलेलं लोखंड देते. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की उत्तर येतं सेकंदाला ९३ किलो. हे वाक्य वाचून होईपर्यंत पाचेकशे किलो लोखंड तिथे तयार झालेलं असतं, आणि भट्टी रात्री झोपत नाही, रविवारी सुट्टी घेत नाही, दिवाळीलाही थांबत नाही.

आपल्याकडे सरकारी झोतभट्ट्यांना बायकांची नावं देण्याची पद्धत आहे. राउरकेल्याला पार्वती आणि दुर्गा, बर्नपूरला कल्याणी, विशाखापट्टणमला गोदावरी, कृष्णा आणि अन्नपूर्णा. जमशेदपूरच्या टाटांनी मात्र इंग्रजी मुळाक्षरांवरच भागवलं. मला स्वतःला अन्नपूर्णा हे नाव सगळ्यात चपखल वाटतं, कारण या यंत्राची पहिली ओळख त्याच्या भुकेवरूनच होते.

एक टन लोखंडासाठी साधारण १.६ टन खनिज लागतं. कोक, म्हणजे हवाबंद भाजलेला कोळसा, आणि दगडी कोळशाची भुकटी मिळून अर्ध्या टनापेक्षा थोडं जास्त. इथवरचं कुणीही सांगेल. पण हिशेब लिहायला बसलं की तिसरी रक्कम येते आणि ती अनेकांच्या ध्यानीमनी नसते: हवा, सुमारे १.३ टन. हवेचंही वजन असतं हे आपण शाळेत पाठ करतो आणि विसरतो. इथे ते विसरून चालत नाही. महामायेच्या रोजच्या लोखंडासाठी जवळजवळ १२,८०० टन खनिज, साडेचार हजार टन कोक आणि कोळसा, आणि दहा हजार टनांच्या वर हवा लागते. म्हणजे दिवसभरात भट्टीतून जेवढं लोखंड बाहेर येतं त्याहून दोन-अडीच हजार टन जास्त वारा आत फुंकावा लागतो.

बाहेर पडणाऱ्या मालाची बाजू आणखी चक्रावणारी. एका टन लोखंडाबरोबर तीन-साडेतीनशे किलो मळी निघते, तिला कारखान्यात सगळे स्लॅग म्हणतात. आणि दोन टनांहून जास्त वायू निघतो. वजनाच्या काट्यावर बघायचं तर हा कारखाना वायू बनवतो आणि जाता जाता थोडं लोखंडही देतो. गंमत म्हणून म्हणत नाही. भट्टीचा आकार, तिच्यात घालायच्या दगडांचा आकार, कोकचा कणखरपणा, तांब्याच्या तोट्या, भोवतीचे मनोरे, यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट वाऱ्याला वाट मिळावी म्हणून ठरलेली आहे.

मुळात हा वारा हवा कशाला? खनिजात लोखंड एकटं नसतं. हेमटाइट अगदी शुद्ध मिळालं तरी त्यातला तीस टक्के भाग ऑक्सिजनच असतो. तेव्हा काम आहे ते ऑक्सिजन सोडवण्याचं. एका टन लोखंडामागे ४३० किलो ऑक्सिजन. महामायेचा दिवसाचा आकडा साडेतीन हजार टनांच्या जवळ जातो. माणूस दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन वापरतो असं धरलं, तर हा चाळीस लाख माणसांच्या दिवसभराच्या श्वासाइतका ऑक्सिजन झाला. तोही मोकळा नाही, दगडात घट्ट अडकलेला. तुलनेसाठी, २०११च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या चोवीस लाख होती.

तो सोडवण्याचं काम कार्बन करतो, पण थेट नाही. तळाशी फुंकलेली तापलेली हवा कोकला भिडते, कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो, आणि आजूबाजूला लालबुंद कोक भरपूर असल्याने तो लगेच कार्बन मोनॉक्साइड होऊन बसतो. हा विषारी वायू वर चढताना खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. हेमटाइटचं मॅग्नेटाइट, मॅग्नेटाइटचं वुस्टाइट, वुस्टाइटचं लोखंड, अशा पायऱ्या उतरत माल खाली येतो. सोबत टाकलेल्या चुनखडीचा चुना होतो आणि तो खनिजातली वाळू व अ‍ॅल्युमिना बांधून मळी करतो. पाठ्यपुस्तकातला धडा इथे संपतो. आकड्यांची खरी मजा मात्र वेळेत आहे.

वरून टाकलेलं खनिज तळाशी पोचायला सहा ते आठ तास लागतात. खालून निघालेला वायू वर पोचायला किती? पाच ते दहा सेकंद. तळाशी, हवा आत शिरते तिथे, २,००० अंश सेल्सियसच्या वर तापमान. तीस-पस्तीस मीटर वर, भट्टीच्या माथ्याशी, वायू दीडशे अंशांच्या आसपास येऊन ठेपलेला. म्हणजे दहा सेकंदांच्या आत त्याने जवळजवळ दोन हजार अंशांची उष्णता वाटेतल्या दगडांना देऊन टाकलेली असते, शिवाय वाटेत ऑक्सिजनही गोळा केलेला असतो. एवढ्या घाईत एवढी देवाणघेवाण उरकणारी यंत्रणा औद्योगिक जगात फार नाही. माल खाली, वायू वर, दोघे समोरासमोर, ही युक्ती शेकडो वर्षं जुनी आहे आणि अजून तिला तोड सापडलेली नाही.

पण त्यासाठी दगडांच्या त्या उंच राशीत फटी हव्यात. खनिजाची बारीक माती तशीच टाकली तर वारा कोंडतो. म्हणून ती आधी भाजून, तिचे सच्छिद्र तुकडे करून टाकतात, त्याला सिंटर म्हणतात. भारतातल्या मोठ्या भट्ट्यांत खनिजाचा बराचसा वाटा या सिंटरचाच असतो. माल टाकायचा तोही ढिगाने ओतून नाही. एक थर खनिजाचा, एक थर कोकचा. माथ्यावर फिरणारी पन्हाळ असते, ती गोल गोल फिरत ठरलेल्या कोनात ठरलेला थर पसरते. लक्झेंबर्गच्या पॉल वुर्थ कंपनीने १९७०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. खाली बाराशे अंशांच्या पट्ट्यात आलं की खनिज मऊ पडतं, चिकट होतं, आणि त्या थरांतून वायूला जवळपास वाटच उरत नाही. मग तो मधल्या कोकच्या थरांतून आडवा निसटतो. कोकचे थर म्हणजे त्या अवस्थेत भट्टीच्या खिडक्या. त्याहून खाली सगळं वितळलेलं, घन असा फक्त कोक. वरच्या हजारो टनांचा भार अंगावर घेऊन तो उभा असतो आणि त्याच्या फटींतून लोखंड ठिबकत राहतं.

आता वाऱ्याकडे नीट बघू.

मध्य भारतातले अगारिया लोक पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भट्टीत लोखंड करत. कमरेइतकी, फार तर छातीइतकी भट्टी, लाकडी कोळसा, आणि पायांनी चालवायचे दोन भाते. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर पूर्ण पुस्तकच लिहिलं. काही तासांच्या मेहनतीतून काही किलो लोखंड मिळे, तेही वितळलेलं नसे, मळी मिसळलेला गोळा असे आणि तो ठोकून ठोकून साफ करावा लागे. महामायेत तेवढं लोखंड एका सेकंदाच्या आत होतं. फरक शेवटी भात्याचाच आहे. चार हजार घनमीटरच्या भट्टीला हवा पुरवणारं यंत्र तीस-पस्तीस मेगावॅट शक्ती खातं. सहा हजार अश्वशक्तीची रेल्वेची विद्युत इंजिनं घेतली तर सात, आणि तीही कायम पूर्ण जोर लावून. हे सगळं नुसतं फुंकण्यासाठी.

फुंकण्याआधी ही हवा बाराशे अंशांपर्यंत तापवतात. भट्टीशेजारी तीन-चार उंच घुमटाकार मनोरे दिसतात, लांबून तेच भट्टी वाटतात. त्यांना स्टोव्ह म्हणतात. आत छिद्रांच्या हजारो टन विटा रचलेल्या. आधी भट्टीचाच वायू जाळून विटा तापवायच्या, मग झडपा फिरवून त्याच विटांतून थंड हवा न्यायची. एक तापत असतो तेव्हा दुसरा हवा तापवत असतो, अशी पाळी चोवीस तास चालते. एडवर्ड काउपर या इंग्रज अभियंत्याने १८५७ मध्ये हे पेटंट घेतलं.

त्याच्या तीसेक वर्षं आधी हवा तापवून फुंकावी हीच कल्पना लोकांना वेडेपणाची वाटत होती. कारण इंग्लंड-स्कॉटलंडच्या भट्टीवाल्यांचा अनुभव उलटा होता. हिवाळ्यात भट्टी चांगली चालते, उन्हाळ्यात रडते. निष्कर्ष सोपा: हवा जितकी थंड तितकी बरी. काहींनी तर हवेचे नळ पांढरे रंगवले, ते तापू नयेत म्हणून. ग्लासगोच्या गॅस कारखान्यात काम बघणाऱ्या जेम्स ब्यूमाँट निल्सनने १८२८ मध्ये गरम हवेचं पेटंट घेतलं, तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली. क्लाइडच्या कारखान्यात मात्र एका टन लोखंडामागे लागणारा कोळसा आठ टनांवरून पाचांवर आला, तोही हवा जेमतेम दीडशे अंशांपर्यंत तापवून. पुढच्या काही वर्षांत तो आणखी निम्म्याने उतरला.

मग हिवाळ्याचं गूढ काय होतं? दमट हवा. भट्टीवाल्यांनी निरीक्षण अचूक केलं होतं, कारण चुकीचं पकडलं होतं. हवेतली वाफ तापलेल्या कार्बनला भेटली की तिचं हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड होतं, आणि त्यात उष्णता खर्ची पडते. जेम्स गेली नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९०४ मध्ये पिट्सबर्गजवळच्या इझाबेला भट्टीवर हवा आधी खूप गार करून कोरडी केली आणि कोकची बचत करून दाखवली.

हे आपल्याकडे लावून बघा. पावसाळ्यात एका घनमीटर हवेत वीस-बावीस ग्रॅम पाणी सहज असतं. दहा हजार टन हवा म्हणजे ऐंशी लाख घनमीटर. गुणाकार केला की रोज पावणेदोनशे टन पाणी वाफेच्या रूपाने भट्टीच्या तळाशी जातं, दहा हजार लिटरचे सतरा-अठरा टँकर! थंडीच्या कोरड्या दिवसांत हाच आकडा निम्म्यावर येतो. रायगड जिल्ह्यातल्या डोलवीत, खाडीच्या काठी, असाच झोतभट्ट्यांचा मोठा कारखाना आहे. कोकणातला जुलै तिथल्या हवेत किती पाणी भरत असेल हे वेगळं सांगायला नको. आजकाल भट्टी चालवणारे या चढउतारालाच जास्त भितात. आर्द्रता कमीजास्त झाली की तळाचं तापमान हेलकावे खातं. म्हणून ती मोजून, वेळ पडली तर मुद्दाम थोडी वाफ सोडून, एका पातळीवर ठेवतात आणि हवेत वरून ऑक्सिजन मिसळतात.

तापलेली हवा भट्टीच्या पोटात शिरते ती तीस-चाळीस तोट्यांतून. तोटीसाठीचा इंग्रजी शब्द फ्रेंचमधून आलेला, कामगारांच्या तोंडी त्याचं ‘ट्वियर’ झालं आहे. तोटीचं तोंड चौदा-पंधरा सेंटिमीटरचं. त्यातून हवा सेकंदाला दोनशे मीटरच्या वेगाने, म्हणजे ताशी सातशे किलोमीटरने सुटते. विमान साधारण याहून थोडं जोरात उडतं. समोर २,००० अंशांहून जास्त तापमान, आतून बाराशे अंशांची हवा. आणि तोटी कशाची? तांब्याची. तांबं १,०८५ अंशांना वितळतं. आत-बाहेर दोन्हीकडे आपल्या मरणापेक्षा जास्त उष्णता असताना ती टिकते ते केवळ पोटातून सतत खेळणाऱ्या पाण्यामुळे. तांबं उष्णता इतक्या झपाट्याने पाण्याला देऊन टाकतं की त्याला वितळायला सवडच मिळत नाही. पाणी क्षणभर अडखळलं तर तोटी गेली, आणि पाणी भट्टीत शिरलं.

प्रत्येक तोटीच्या मागे काचेचा एक छोटा डोळा असतो. निळी काच डोळ्यांसमोर धरून त्यातून बघितलं की आत पांढरं, नजर न ठरणारं भगदाड दिसतं आणि त्यात कोकचे काळपट तुकडे नाचताना दिसतात. जोराच्या झोताने कोक रेटून तिथे पोकळी तयार झालेली असते, तुकडे तिच्यात गरगर फिरतात, जळतात, वरून नवे येतात. जुने फोरमन या डोळ्यात बघून भट्टीची तब्येत सांगत. आता शेकडो मोजमापं पडद्यावर येतात, तरी पाळीवर आलेला माणूस एक फेरी या डोळ्यांवरून मारतोच, असं तिथले लोक सांगतात.

कोकची गोष्ट विदर्भाशी जोडलेली आहे. जमशेटजी टाटांनी १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा एक अहवाल वाचला. त्यात चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, लोहारा इथल्या खनिजाची वाखाणणी होती. जवळच वरोऱ्याला कोळसा. लोखंड आणि कोळसा शेजारीशेजारी, आणखी काय हवं? नमुने जर्मनीला गेले. वरोऱ्याचा कोळसा कोक करायला निरुपयोगी ठरला. जळायला तो जळतो, पण हवाबंद भट्टीत हजार-अकराशे अंशांवर भाजला तर त्याचे घट्ट, सच्छिद्र, भार पेलणारे ढेकूळ बनत नाहीत. वर सांगितलेल्या त्या खिडक्या धरून ठेवायला तो लायक नाही. टाटांचा लोखंड कारखाना चांद्याला झाला नाही, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं.

पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी या कामासाठी नागपूरला आले होते. तिथे सेक्रेटरिएटसमोरच्या संग्रहालयात त्यांना मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा दिसला. दुर्ग जिल्ह्यात लोखंडाच्या खुणा गडद रंगवलेल्या होत्या. ते आणि सी. एम. वेल्ड हे भूगर्भतज्ज्ञ तिकडे गेले. त्या टेकड्यांवर चालताना पायाखाली धातूसारखा आवाज येत होता, अशी आठवण सांगितली जाते. त्या दल्ली आणि राजहरा या टेकड्या. कारखान्याला लागणारं बाकीचं तिथे जमेना. दरम्यान प्रमथनाथ बोस यांचं मयूरभंजच्या गोरुमहिसाणी डोंगराबद्दलचं १९०४चं पत्र आलं, आणि कारखाना साकचीला, आजच्या जमशेदपूरला गेला. तिथे २ डिसेंबर १९११ला पहिलं लोखंड वाहिलं. दल्ली-राजहरा मात्र तशाच राहिल्या आणि अर्ध्या शतकाने सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या भिलाईच्या वाट्याला आल्या. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी भिलाईची पहिली भट्टी सुरू केली, पोट १,०३३ घनमीटर. महामाया तिच्या चौपट.

दल्ली-राजहराचं खनिज साठ वर्षं खणून संपत आलं, तेव्हा आता रावघाटच्या खाणींकडे नजर आहे. कोक मात्र तेव्हाही अडचण होती, आजही आहे. आपल्या कोळशात राख फार, म्हणून भारत वर्षाला पाच कोटी टनांहून जास्त कोकयोग्य कोळसा बाहेरून आणतो, त्यात ऑस्ट्रेलियाचा वाटा मोठा. पूर्व ऑस्ट्रेलियाच्या बंदरातून निघालेला कोळसा बस्तरच्या वाटेवरचं खनिज वितळवतो, असा हा प्रवास.

तळाशी जमलेलं लोखंड काढण्याच्या कामाला टॅपिंग म्हणतात. भट्टीच्या कुशीत चिकणमातीने बुजवलेलं भोक असतं. ड्रिलने ती तीनेक मीटर जाडीची माती पोखरत न्यायची. शेवटचा पडदा फुटला की मनगटाएवढी धार उसळते, १,५०० अंशांची, मिनिटाला पाच-सहा टनांची. मोठ्या भट्टीला अशी तीन-चार तोंडं असतात आणि एक बुजवेपर्यंत दुसरं उघडतात, त्यामुळे धार जवळपास अखंड चालू. शुद्ध लोखंड १,५३८ अंशांना वितळतं. इथे त्यात चार-साडेचार टक्के कार्बन मुरलेला असतो, त्यामुळे वितळणबिंदू चारशे अंशांनी खाली येतो, नाहीतर ते वाटेतच थिजून बसलं असतं. बांधीव पन्हाळीतून लाल-पांढरा ओघ जातो, त्याच्यावर हलकी मळी तरंगते, पुढे एका आडव्या भिंतीपाशी लोखंड खालून जातं आणि मळी बाजूला वळते. ही धार जिथे वाहते त्या कास्ट हाउसमध्ये काम केलेल्यांच्या बाह्यांवर अभ्रकासारखी चमचमणारी भुकटी बसलेली दिसते. ते अभ्रक नव्हे, ग्रॅफाइट. लोखंड थोडं निवलं की जादा झालेला कार्बन पापुद्र्यांनी बाहेर पडतो आणि हवेत उडतो.

लोखंड टॉर्पेडोच्या आकाराच्या रेल्वे वाघिणींतून पोलाद विभागात जातं. एकेकीत दीडशे ते साडेतीनशे टन, तेही द्रवरूप. भिलाईतून देशाच्या रेल्वेचे रूळ येतात, १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तिथे ओढला जातो आणि दोन जोडून २६० मीटरच्या पट्ट्या पाठवतात. रुळाचं वजन मीटरला साठ किलो, दोन रूळ मिळून एकशेवीस. महामायेचं सगळं लोखंड रुळांत घातलं असं समजलं तर दिवसाला पासष्ट किलोमीटरच्या वर लोहमार्ग होईल. मुंबई ते पुणे १९२ किलोमीटर, तीन दिवसांचं काम. मळीही वाया जात नाही. तिच्यावर पाण्याचा मारा केला की वाळूसारखे दाणे होतात आणि ते दळून सिमेंटमध्ये जातात. अर्धी मळी असलेलं सिमेंट धरलं तर एका महामायेच्या रोजच्या मळीतून लाखाच्या वर गोण्या भरतील.

हे सगळं थांबवता येत नाही, ही यातली खरी अवघड बाजू. भट्टी एकदा पेटली की पंधरा-वीस वर्षं पेटतीच ठेवायची असते. जपानच्या चिबा इथली सहा नंबरची भट्टी १९७७ मध्ये पेटली ती १९९८ मध्ये विझली, वीस वर्षं नऊ महिने. दुरुस्तीसाठी काही तास, फार तर काही दिवस वारा बंद करतात, कोक जास्त घालून आग राखतात. त्यापलीकडे गेलं की तळाचं लोखंड थिजतं, आणि मग तेरा मीटर व्यासाच्या चुलाण्यात हजारो टनांचा एकसंध ठोकळा बसतो. तो फोडून भट्टी पुन्हा जिवंत करणं म्हणजे महिन्यांची आणि अब्जांची बाब.

आणि वायू. माथ्यावरून निघणाऱ्या वायूत वीस-पंचवीस टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याच्या दाबावर टर्बाइन फिरवून दहा-पंधरा मेगावॅट वीज काढतात, मग तोच जाळून स्टोव्ह आणि बॉयलर तापवतात. दिवसाला अठरा हजार टन वायू नळांतून फिरत असतो, रंग नाही, वास नाही. २०१४च्या जूनमध्ये भिलाईत पाण्याच्या यंत्रणेतला दाब पडला आणि हा वायू उलटा शिरून पंपघरात पोचला. सहा माणसं गेली, त्यांत दोन वरिष्ठ अधिकारी होते. इतक्या मोठ्या आकड्यांच्या गर्दीत हा एक अंकी आकडा सहज हरवतो, म्हणून इथे लिहून ठेवला.

जगाचा आकडा घ्यायचा तर २०२३ मध्ये झोतभट्ट्यांतून साधारण १३० कोटी टन लोखंड निघालं, सेकंदाला एकेचाळीस टन. त्यातलं दोन-तृतीयांश एकट्या चीनचं. सगळ्यात मोठी भट्टी दक्षिण कोरियात ग्वांगयांगला आहे, ६,००० घनमीटरची, वर्षाला पन्नास लाख टनांहून जास्त देणारी. मांडवी-झुआरीतून बार्जनी मुरगावला जाणारी गोव्याची लाल माती या पूर्वेकडच्या भट्ट्यांतच जात असे. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज निर्यात झालं. हलक्या प्रतीचं, पण चिनी भट्ट्यांची भूक एवढी की काहीही खपत होतं. २०१२ला खाणी बंद झाल्या. त्या काळात डिचोली, सांगेच्या रस्त्यांवर राहणाऱ्यांना हा आकडा ट्रकच्या रांगांतच कळला असेल.

राहिला कार्बन. महामायेसारख्या भट्टीत एका टन लोखंडामागे जो कोक-कोळसा जातो त्यातला लोखंडात मुरलेला भाग वगळला, तर दीड टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. दिवसाला बारा हजार टनांच्या वर. कार्बनऐवजी हायड्रोजनने ऑक्सिजन काढता येतो, शेवटी उरतं ते पाणी. स्वीडनमध्ये लुलेओ इथे २०२१ मध्ये असं लोखंड काढूनही दाखवलं. पण प्रमाण बघा. एका टन लोखंडाला, रसायनशास्त्राच्या हिशेबाने, ५४ किलो हायड्रोजन लागतो. ८,०३० टनांना रोज ४३० टन. पाण्याचं विघटन करून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नासेक युनिट वीज. सगळं गुणून दिवसाच्या तासांनी भागलं की नऊशे मेगावॅट येतात, अखंड, रात्रंदिवस. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे, आणि ती मागणी चढेल तेव्हा चालवण्यासाठी बांधलेली आहे. एका भट्टीसाठी अर्धी कोयना कायम जुंपायची. देशात अशा आणि याहून मोठ्या भट्ट्या कितीतरी.

३० सप्टेंबर २०२४ला वेल्समधल्या पोर्ट टॅलबोटची शेवटची झोतभट्टी विझली. कारखाना टाटा स्टीलचा. तिथे आता भंगार वितळवणारी विजेची भट्टी येणार. त्याच सप्टेंबरमध्ये ओडिशातल्या कलिंगनगरला त्याच कंपनीने नवी भट्टी पेटवली, ५,८७० घनमीटरची, भारतातली आजवरची सगळ्यात मोठी. नेहमीच्या हिशेबाने ती २०४०च्या आसपास पहिल्यांदा थंड होईल.